आभा रडत नाही

"हसा," डॉक्टर आवटी म्हणाल्या.

मी हसले.

"हे पाहुण्यांपुढचं हसणं झालं. दात दिसू देत."

खुर्ची दातांच्या दवाखान्यात असते तशी मागं कललेली होती आणि डोळ्यांवर पांढरा दिवा. परक्या बाईसमोर, काही विनोद झालेला नसताना, दात दाखवून हसायचं म्हणजे अवघडच. तरी मी हसले. डॉक्टरांनी माझी हनुवटी दोन बोटांत धरली आणि पांढऱ्या पेन्सिलीनं खालच्या ओठाखाली, डाव्या बाजूला, एक ठिपका काढला. त्याच्या शेजारी दुसरा.

"आता 'ई' म्हणा. गाल फुगवा. डोळे घट्ट मिटा. शिट्टी वाजवा."

शिट्टी मला येत नाही. नुसती फुंकर निघाली. बाकीचं सगळं जमलं.

"गाल, डोळे, कपाळ, सगळं उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "तोंडावरून वारं गेलंय असं तुम्ही फॉर्मवर लिहिलंत. कुणी सांगितलं?"

मी दाराकडं पाहिलं. दारापलीकडं बाकावर माझी आई आभाला मांडीवर घेऊन बसली होती.

याला आता चौदा वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, मायक्रोबायॉलॉजीत एम. एस्सी. झालेली, सांगलीत सासरी राहणारी. आभा तेरा महिन्यांची होती. तिच्या पहिल्या वाढदिवसाला सुदर्शननं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मोबाईलवर आमचं चित्रण केलं होतं. आभानं केकमध्ये नाक बुडवलं आणि मी खो खो हसले. रात्री ते पाहताना मला माझं हसू पहिल्यांदा दिसलं. खालचा ओठ डावीकडं सरकन खाली गेला होता आणि उजवीकडं जागचा हलला नव्हता. खिडकीची एकच झडप उघडावी तसं. आरशासमोर कुणी खो खो हसत नाही, म्हणून हे कधीपासून असं आहे ते मला ठाऊकच नव्हतं.

आईला दाखवलं, तर तिनं क्षणभरही विचार केला नाही. "बघ. तेव्हा सांगत होते कान बांध म्हणून. ओली बाळंतीण आणि डोकं उघडं टाकून कूलरपुढं झोपली. गार वारं लागलं ते हे."

ते खरं होतं. एप्रिलमधलं बाळंतपण, जयसिंगपुरात माहेरी, पत्र्याखालची खोली. दुसऱ्याच दिवशी मी डोक्याचा स्कार्फ काढून फेकला होता आणि कूलर आमच्या खाटेकडं वळवून घेतला होता. वाऱ्यानं तोंड वाकडं होतं यावर माझा विश्वास नव्हता. पण विश्वास नसला म्हणून दोष वाटायचा थांबतो असं नाही. आणि त्याला कारणही होतं. त्या खाटेवर मी एकटी नव्हते.

पाचव्या दिवशी आभा मोठ्यानं रडली तेव्हा मी पाहिलं होतं. तिचा ओठ डावीकडं खाली ओढला गेला आणि उजवीकडं स्थिर राहिला. हसताना, झोपेत, दूध पिताना काही नाही. फक्त रडताना. मी कुणाला बोलले नाही. मी एवढंच ठरवलं की आभानं रडायचं नाही.

ऐकायला विचित्र वाटेल, पण हे जमतं. मूल रडण्याआधी दोन-तीन सेकंदं खालचा ओठ थरथरतो. तेवढ्यात उचलायचं. चमचा, किल्ल्या, नळाचं पाणी, काहीही पुढं करायचं. लसीला नेलं की तिचं तोंड माझ्या खांद्यात दाबून धरायचं. तेरा महिने मी न्हाणीघराचं दार पूर्ण लावून आंघोळ केली नाही. लोक म्हणायचे, काय गुणाची पोर, रडतच नाही.

पुढच्या महिन्यात दिराचं लग्न होतं. पेपरातली जाहिरात आईनंच कापून आणली होती, हसणं सारखं करून देणाऱ्या इंजेक्शनांची. "फोटोत कायमचं राहतं बाई," ती म्हणाली. "करून घे." मी लगेच हो म्हटलं, आणि ते माझ्या फोटोंसाठी नव्हतं. सुई किती दुखते, ओठ खरंच जागेवर येतो का, किती वर्षांच्या मुलीला देतात, हे सगळं मला आधी माझ्या तोंडावर बघायचं होतं.

"बाळंतपणात वारं लागलं असं आई म्हणते," मी डॉक्टरांना सांगितलं.

"हं." त्यांनी खुर्ची जवळ ओढली. पन्नाशीच्या बाई, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. "ओठ खाली ओढायला प्रत्येक बाजूला एक छोटासा स्नायू असतो. तुमचा डावा काम करतो. उजवा गप्प बसतो. म्हणून मी इंजेक्शन डावीकडं देणार."

"काम करणाऱ्यालाच शिक्षा?"

त्या हसल्या. "शिक्षा नाही, रजा. तीन-चार महिन्यांची. मग तो परत कामावर येतो."

"हे त्याच जिवाणूचं विष ना? बंद डब्यातलं अन्न बिघडलं की होतो तो?"

"अरे वा. कुठं शिकलात?"

"विलिंग्डनला बी. एस्सी., मग कोल्हापूर."

"तोच. त्याचा अगदी कणभर. बाळाला अंगावर पाजत नाही ना आता?"

"दोन महिने झाले सोडवून."

"छान. जुना फोटो आणलाय? लग्नाच्या आधीचा, हसतानाचा? तुमचा मूळ ओठ किती खाली जायचा ते मला बघायचंय. त्याला जुळवून घेऊ."

माझ्याकडं तसा एकच फोटो होता. स्थळांना पाठवण्यासाठी काढलेला. जयसिंगपूरच्या स्टुडिओत मगदूमकाकांनी काढला होता. मोरपंखी साडी, मागं निळा पडदा. काकांची पट्टेवाली मांजर नेमकी कॅमेऱ्यासमोर येऊन आळोखेपिळोखे देऊ लागली आणि मी खुदकन हसले, तोच क्षण त्यांनी पकडला. एरवी माझे सगळे फोटो ओठ मिटलेले. या एकाच फोटोत मी मोकळी हसले होते आणि हसू कसं सुरेख होतं, दोन्हीकडं सारखं. कूलरच्या आधीची मी म्हणून मी तो जपून ठेवला होता.

डॉक्टरांनी फोटो दिव्याखाली धरला. माझ्या तोंडाकडं पाहिलं. परत फोटोकडं. मग ड्रॉवरमधून भिंग काढलं.

"तोंड उघडा."

मी उघडलं. त्यांनी हातमोजा घातलेल्या बोटानं माझा खालचा ओठ डावीकडं खाली ओढला, मग उजवीकडं.

"तुमचा खालचा सुळा आत वळलाय. डावीकडचा."

"हो. लहानपणापासून."

"उजवीकडचा सरळ आहे."

"हो."

त्यांनी फोटो आणि भिंग दोन्ही माझ्या हातात दिलं. "मग इथं मोजा."

मी पाहिलं. फोटोतल्या माझ्या तोंडात दोन्ही सुळे आत वळलेले होते. दोन्ही सारखेच, आरशात पाहावेत तसे. ओठाच्या डाव्या कडेला साल निघालेली बारीक रेघ होती. तीसुद्धा दोन्हीकडं होती.

"फोटोवाल्यानं डावी बाजू उचलून उजवीकडं उलटी चिकटवलीय," डॉक्टर म्हणाल्या. त्यांना मजा वाटत होती, लपवावी असं त्यांना सुचलंही नाही. "हुशार आहे. पण दात विसरला. पद्मजा, तुमचं हसू लग्नाआधीही असंच होतं. मला वाटतं जन्मापासून. आईंना आत बोलावू या का?"

आई आभाला कडेवर घेऊन आत आली. आभाच्या हातात माझ्या किल्ल्यांचा जुडगा होता.

"मावशी," डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाचं हसू असं आहे?"

"नाही हो. आमच्यात कुणाचंच नाही." आईनं पदर ओठांशी नेला. बोलताना ती नेहमी असंच करायची. तो मर्यादेचा भाग आहे असं मी सव्वीस वर्षं समजत आले होते. "हिला बाळंतपणात वारं..."

"आई, हा फोटो मगदूमकाकांनी दुरुस्त केलाय," मी म्हणाले. "तुला माहीत होतं?"

आईनं फोटोकडं पाहिलं नाही. "सगळेच करतात. कुणाचा रंग उजळवतात, कुणाचे मुरूम काढतात."

"तू सांगितलं होतंस त्यांना?"

"जरा ओठ तेवढा सारखा करा म्हटलं. त्यात काय झालं?"

"म्हणजे तुला तेव्हा दिसत होतं. कूलरच्या आधी."

मला एकदम लहानपणापासूनचं एकेक आठवू लागलं. शाळेच्या फोटोला जाताना दारात, 'तोंड मिटून हस.' मुंजीला, पूजेला, पाहुण्यांत, 'तोंड मिटून हस, शहाण्यासारखी.' मला ते वळण वाटायचं.

"महिनाभर तू मला म्हणत होतीस, कान बांधले नाहीस म्हणून," मी म्हणाले. माझा आवाज चढला नव्हता, उलट फारच हळू येत होता. "महिनाभर मी त्या कूलरचा विचार करतेय."

"मग काय सांगू?" आई म्हणाली. "सासरच्यांनी विचारलं असतं, फोटोत तर असं नव्हतं, तर काय सांगणार होतीस तू? वाऱ्याचं नाव पुढं केलं की माणसाचं नाव येत नाही."

आभाच्या हातातून किल्ल्या निसटून फरशीवर पडल्या. तिनं खाली पाहिलं. तिचा ओठ थरथरला.

मी खुर्चीतून उठले. त्याच क्षणी आईनं आभाला गर्रकन फिरवून तिचं तोंड स्वतःच्या खांद्यात दाबलं आणि दुसऱ्या हातानं पिशवीतून डिंकाच्या लाडवाचा डबा काढून खडखड वाजवला. माझा हात किल्ल्यांपर्यंत पोचलासुद्धा नव्हता. आभा गप्प झाली.

मी वाकलेली तशीच राहिले. तोंड खांद्यात दाबायचं, डबा वाजवायचा. दोन सेकंदांच्या आत. हे मी कुणाला शिकवलं नव्हतं.

"तुला माहितीय," मी म्हणाले.

"काय?"

"आभाचं."

आईनं डबा पिशवीत ठेवला. "न्हाऊ घालताना दिसलं. चौथ्या दिवशी."

चौथ्या दिवशी. माझ्याही आधी एक दिवस. आणि मग तेरा महिने आम्ही दोघी एकमेकींपासून लपवत एकाच पोरीला रडू देत नव्हतो.

डॉक्टर आम्हा दोघींकडं आळीपाळीनं बघत होत्या. "ही बाळी रडत नाही का?"

"नाही," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"रडत नाही, की रडू देत नाही?"

आईनं आभाला आणखी जवळ घेतलं.

"मला तिला रडताना बघायचंय," डॉक्टर म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजात मजा नव्हती. "बाळाचा ओठ फक्त रडताना असा होत असेल, तर बहुतेक वेळा त्यात काही नसतं. एक बारीक स्नायू तयारच झालेला नसतो, एवढंच. पण अशा थोड्या मुलांच्या हृदयात काही निघतं, म्हणून एकदा तपासून घेतात. हे बारशाच्या आधी व्हायला हवं होतं. पण डॉक्टरांनी बघायचं कुठून? तुम्ही तोंड खांद्यात धरलेलं."

जे दिसू नये म्हणून मी एवढी जागत होते, ते कुणीतरी बघायलाच हवं होतं.

"रडवू नका हो तिला," आई म्हणाली.

"आई, दे तिला माझ्याकडं."

मी आभाला तपासायच्या उंच टेबलावर बसवलं. तिनं हात पुढं केला आणि माझ्या हनुवटीवरचे पांढरे ठिपके एकेक करून बोटानं दाबून पाहिले. रोज सकाळी तिला काळी तीट लागायची. माझी पांढरी का, याचा ती विचार करत असावी. मग मी दोन पावलं मागं सरले आणि हात पाठीशी बांधले.

आभानं माझी वाट पाहिली. मी आले नाही. तिनं आजीकडं पाहिलं. आजी हललेली पाहून डॉक्टरांनी तिचं मनगट धरलं. आभाचा ओठ थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. ती अजून आम्हाला संधी देत होती. मग तिनं डोळे मिटले, श्वास आत ओढला, आणि तेरा महिन्यांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

केवढा मोठा आवाज होता तिचा. मला ठाऊकच नव्हतं. ओठ डावीकडं खाली गेला, उजवीकडं राहिला. दिव्याच्या पांढऱ्या प्रकाशात मी ते पहिल्यांदा नीट, न घाबरता पाहिलं.

"पुरे," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचाच स्नायू, तीच बाजू. घ्या तिला."

मी तिला घ्यायला वळले आणि आई दिसली. आई रडत होती. तिचं मनगट डॉक्टरांच्या हातात अडकलेलं, पदर खांद्यावरून खाली लोंबत होता. बाबा गेले तेव्हाही मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, पदर चेहऱ्यावर घेऊन ती भिंतीकडं तोंड करून बसली होती. आता पदर नव्हता. तिचा खालचा ओठ डावीकडं ओढला गेला होता आणि उजवीकडचा जागच्या जागी होता.

डॉक्टरांनीही पाहिलं. त्यांनी आईचं मनगट सोडलं, पण आईनं पदर वर घेतला नाही. कदाचित विसरली असेल.

"माझ्या आईनं मला कधी फोटोच काढू दिला नाही," ती म्हणाली. "मी तुला निदान एक तरी काढून दिला."

यावर रागवायचं कसं ते मला कळेना. आजही कळत नाही.

डॉक्टरांनी बालरोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहिली. भरून ठेवलेली सिरिंज ट्रेमध्ये तशीच होती. मी तिच्याकडं बघितलं.

"आज नको," त्याच म्हणाल्या. "जुन्या चेहऱ्याशी जुळवायचं ठरलं होतं. जुना चेहरा हाच निघाला. आता कशाशी जुळवायचं ते तुम्ही ठरवा आणि मग या."

ते इंजेक्शन मी पुढं दीड वर्षानं घेतलं, एकदाच, निव्वळ बघायचं होतं म्हणून. मुंगी चावल्याएवढं दुखलं. तीन महिने माझं हसू सरळ होतं. आभा मात्र मी हसले की माझ्या डाव्या ओठाखाली बोट ठेवून तो खाली ओढायची, काहीतरी अडकलंय आणि ते सोडवायला हवं अशा समजुतीनं. चौथ्या महिन्यात ते आपोआप सुटलं. आभाचं हृदय ठणठणीत निघालं. आता ती पंधरा वर्षांची आहे आणि इंजेक्शनाबद्दल तिचे स्वतःचे प्रश्न आहेत. ते ती थेट आवटी डॉक्टरांना विचारते.

पण त्या दिवशी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. हाती नुसती चिठ्ठी होती. आई स्टँडवरून जयसिंगपूरला गेली. मी आभाला घेऊन रिक्षानं घरी आले. साडेपाच वाजले होते. आमच्याकडं सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात, त्यामुळं सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, ताटं मांडून वाट बघत होत्या.

सांगायचं हे मी रिक्षातच ठरवलं होतं. पण कुठून सुरू करावं ते सुचेना. फोटोपासून, की आभापासून? भाकरी मोडता मोडता मी मनात वाक्यं जुळवत होते. आभा शेजारी बसून वाटीतला वरणभात बोटांनी चिवडत होती. वाटी कलंडली. भात फरशीवर सांडला. तिचा ओठ थरथरला.

माझा हात सवयीनं निम्म्या वाटेवर गेला. तो मी परत ताटात ठेवला.

आभा रडली. दुपारी वाट मोकळी झालेली, त्यामुळं तिनं आता वेळ लावला नाही. तोंड आत्याबाईंच्या बरोबर समोर होतं. मी भाकरीकडं बघत बसले. आता त्या विचारतील, हे काय गं, तोंड असं काय होतंय? आणि मग फोटो, मग आई, मग सगळंच.

आत्याबाईंनी भात गोळा करून परत वाटीत टाकला.

"आत्याबाई," मी म्हणाले, "तिचा ओठ..."

"हां, तो. कान टोचले तेव्हा माझ्याच मांडीवर होती की ती. तू किल्ल्या आणायला आत पळालीस, तोवर सोनारानं तार घातली आणि हिनं असा काय गळा काढला." त्यांनी स्वतःच्या ओठाकडं बोट नेलं. "म्हटलं, आईवर गेलीय. तू नाही का बघायला आलो तेव्हा लाडू फुटून साडीवर पडला नि हसलीस, तशी."

"मग बोलला का नाही?"

"तुम्ही मायलेकी एवढ्या पळापळीत. डबे काय वाजवता, किल्ल्या काय, नळ काय सोडता. म्हटलं आपण कशाला मधे पडा."

आभाचं चालूच होतं. मी तिला घ्यायला सरकले.

"बसू दे," आत्याबाई म्हणाल्या. "जेव तू. वर्षानं आवाज ऐकतेय पोरीचा." मग माझ्याकडं नीट पाहत त्यांनी पदराचं टोक पाण्यात बुडवलं. "आणि हनुवटीला हे खडूसारखं काय लावून फिरतेस? ये इकडं."

मी हनुवटी पुढं केली.